लेकराची कातडी सांभाळताना: कधी काय लावायचं आणि कधी हात आवरायचा

लेकराच्या अंगावर काही उठलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘काय लावू?’ आजी हळद सांगते, शेजारीण तिच्या पोराला लागू पडलेली ट्यूब आणून देते, कुणी कडुनिंबाचा पाला उकळायला ठेवतो. आठवड्याने दवाखान्यात पोचेपर्यंत मूळचं दुखणं एक आणि लावल्यामुळे झालेलं दुसरं, अशी दोन दुखणी झालेली असतात.

लेकराची कातडी मोठ्या माणसापेक्षा पातळ असते. शिवाय वजनाच्या मानाने तिचा पसारा मोठा असतो, नवजात बाळात तर आपल्या दुपटीहून जास्त. म्हणजे वरून लावलेलं औषध, तेलातला कापूर, कपड्यावरचं फवारणीचं विष हे सगळं आपल्यापेक्षा जास्त प्रमाणात आत जातं. पुढचं सगळं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

पहिले चाळीस दिवस

जन्मताना बाळाच्या अंगावर पांढरा, लोण्यासारखा थर असतो. तो घाण नाही, घासून काढू नका; एकदोन दिवसांत आपोआप जिरतो. पहिली आंघोळ किमान 24 तासांनंतर. वजन 2 किलोपेक्षा कमी असेल तर आशाताई किंवा नर्सबाई ‘आता घाला’ म्हणेपर्यंत कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ सुती फडक्याने पुसून घेणंच बरं, कारण अशा बाळाचं अंग फार लवकर गार पडतं.

नाळेला काही लावायचं नाही. राख, हळद, तूप, काजळ, पावडर यातलं काहीही नको. लंगोट नाळेच्या खाली बांधा, म्हणजे ती मुताने ओली होत नाही. साधारण 5 ते 15 दिवसांत ती गळते. मुळाशी लाली पसरली, पू आला, वास सुटला तर त्याच दिवशी दवाखाना.

या दिवसांत घाबरवणाऱ्या पण निरुपद्रवी गोष्टी बऱ्याच दिसतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगभर लाल चट्टे आणि मधे बारीक पिवळट ठिपका; ‘अंगातली गरमी बाहेर पडली’ म्हणतात ती हीच, आठवडाभरात जाते. नाकावरचे पांढरे कण. हातापायांची सालं निघणं. कमरेवर निळसर-काळा डाग, जो माराचा नसतो आणि काही वर्षांत फिका पडतो. यातल्या कशालाही औषध नाही.

पण पाणी भरलेल्या किंवा पुवाच्या पुळ्या 10 किंवा जास्त असतील, किंवा एकच मोठं गळू असेल, तर ते नवजात बाळात गंभीर मानतात. कावीळही उजेडातच ओळखू येते: बाळाला दारात नेऊन कपाळ, छाती, पाय असं बोटाने दाबून पाहा. पहिल्या 24 तासांत पिवळेपणा आला किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर कोवळं ऊन दाखवत बसू नका. सरळ रुग्णालय गाठा.

पिठाचा गोळा फिरवून लव काढणं बंद करा. ही लव काही आठवड्यांत गळतेच. गोळ्याने कातडीवर न दिसणारे ओरखडे पडतात, आणि पुळ्यांचे जंतू तिथूनच आत शिरतात. धुरीचंही तसंच. शेगडीवर ओवा टाकून बाळाला वर धरताना भाजलं तर जन्माचा डाग, आणि धूर छातीत जातो तो वेगळाच. पोट फुगलं म्हणून तापल्या विळ्याने पोटावर डागणं मेळघाटात अजून घडतं. त्याने पोटातलं काही बरं होत नाही, जखम तेवढी चिघळते.

आंघोळ

टबात किंवा घमेल्यात आधी गार पाणी, मग त्यात गरम. उलटं केलं आणि मधेच कुणी हाक मारली, तर लेकरू उकळत्या पाण्यात हात घालतं. हात फिरवून पाणी सारखं करा आणि कोपर बुडवून पाहा. कोपराला ना गरम ना गार लागलं की झालं. आंघोळ 5 ते 10 मिनिटं. तांब्याने कढत पाणी ओतत अर्धा तास ‘शेकून काढायची’ रीत कातडीचं स्वतःचं तेल धुऊन नेते.

कातडी किंचित आंबट असते, पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका लहान तितकं आंबट) साडेपाचच्या आसपास. अंगाचा साधा साबण 9 ते 10 चा, म्हणजे उलट, क्षारी. म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला साबण रोज सगळीकडे लावायची गरज नाही. मान, काखा, जांघा, ढुंगण, हातपाय पुरे, तोही बिनवासाचा सौम्य आणि आठवड्यातून दोनतीनदा. कपड्याचा साबण अंगाला कधीच नको.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात आणि जिथे बोअरचं पाणी जड आहे तिथे एक अडचण आणखी. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून माणूस आणखी साबण घासतो. मग त्याचा चिकट पांढरा थर कातडीवर बसतो, आणि मान-गुडघ्यामागे खाज सुटते. अशा गावात साबण निम्मा करा, आणि आंघोळ संपताना पिण्याच्या गोड्या पाण्याचे दोन तांबे अंगावरून सोडा. सगळी आंघोळ गोड्या पाण्याची परवडत नाही, शेवटचे दोन तांबे परवडतात.

अंग टिपायचं, घासायचं नाही. मानेच्या वळ्या, काखा, जांघा, कानामागची खाच इथे पाणी राहतं. गुबगुबीत बाळाची मान वर करून वळी बोटाने उघडून पाहा. आत दह्यासारखं पांढरं साचलं असेल तर ते सांडलेलं दूध आणि घाम. ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा.

तेल

खोबरेल सगळ्यात बिनधोक. सूर्यफुलाचं तेलही चांगलं. मोहरीच्या तेलाने कातडी जळजळते आणि तिचा वरचा थर कमजोर होतो, ते टाळा. फल्लीतेल किंवा तिळाचं घरात असेल आणि सोसत असेल तर हरकत नाही, पण अंगावर एक्झिमा (कोरडे, खाजरे चट्टे) असेल तर नको. वासाचं, रंगीत, थंडगार लागणारं केसांचं तेल बाळाला लावू नका. आणि तेलात कापूर विरघळवून छातीला चोळणं दोन वर्षांच्या आतल्या लेकरात धोक्याचं आहे: कापूर कातडीतून आत जातो आणि झटके येऊ शकतात.

तीनचार महिन्यांच्या बाळाला एक चहाचा चमचा, म्हणजे 5 मिली, पुष्कळ झालं. आधी तळहातावर घ्या, तळहात एकमेकांवर घासून कोमट करा, मग लावा. नाका-कानात आणि बेंबीत तेल सोडायचं नाही. डिसेंबरात खोबरेल थिजतं, तेव्हा बाटली कोमट पाण्याच्या गंजात ठेवा. चुलीवर धरलेलं तेल वरून कोमट आणि खालून कढत असतं.

क्रमाला महत्त्व आहे. उन्हाळ्यात तेल आंघोळीआधी लावून धुऊन टाका. हिवाळ्यात आंघोळीनंतर, अंग ओलसर असताना पातळ हात फिरवा, म्हणजे पाणी आत कोंडलं जातं. डोक्यावरच्या पिवळट खपल्यांना रात्री तेल, सकाळी मऊ फणी आणि सौम्य शाम्पू. नखाने खरवडायचं नाही.

लंगोटाखालची लाली

लघवी आणि शी यांची ओल तासन्‌तास राहिली की लाली येते. दिवसा दर दोनतीन तासांनी आणि शी झाल्याबरोबर बदला. सुती लंगोट असेल तर साबण निघेपर्यंत दोन पाण्यांत खळबळा, उन्हात वाळवा आणि वर प्लास्टिकची चड्डी चढवू नका. दिवसातून दोनतीनदा पंधरा-वीस मिनिटं उघडं ठेवा. जाड थराने झिंक ऑक्साइडचं मलम लावा. पुढच्या वेळी ते सगळं घासून काढू नका, फक्त घाण झालेला थर पुसा.

लाली फुगवट्यावर असेल आणि जांघेची खाच मोकळी असेल, तर ती ओलीची. लाली खाचेत खोलवर, गडद आणि आजूबाजूला सुटे लाल ठिपके असतील, तर ती बुरशी. तिथे डॉक्टरांना दाखवून क्लोट्रिमॅझोलसारखं बुरशीचं मलम लागतं, नुसत्या झिंकने जात नाही.

उन्हाळा

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर, अकोला इथे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. घामोळ्या का येतात? घामाची नळी वरून बुजते आणि घाम आतच फुटतो. बुजवणारं काय, तर तेलाचा थर, पावडरचा लगदा, टेरिकॉटचा झबला आणि दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. म्हणून घामोळ्यांवर पावडर थापणं म्हणजे नळीवर आणखी बूच मारणं. शिवाय पावडरची भुकटी बाळाच्या छातीत जाते. गार पाण्याच्या फडक्याने दिवसातून तीनचारदा टिपा, हवा लागू द्या, एक पातळ सुती बंडी पुरे. फार खाजत असेल तर कॅलामाइन लोशन कापसाने टिपून लावा. लेकरू गारव्याला आलं की दोनतीन दिवसांत घामोळ्या ओसरतात. तरीही पुवाळल्या तर डॉक्टर.

कुलर कोरड्या उन्हाळ्यातच काम करतो आणि त्याला समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर खोली नुसती दमट होते. बंगई किंवा बाज झोताच्या थेट समोर नको, बाजूला ठेवा. मृग लागून हवा ओली झाली की कुलरची पाण्याची मोटर बंद करून नुसता पंखा चालवा. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकी घासा, नाहीतर डासच पोसले जातील. आणि सहा महिन्यांच्या आतलं बाळ कितीही घामाघूम झालं तरी वरचं पाणी नको, अंगावरचं दूध जास्त वेळा पाजा.

पावसाळा, म्हणजे खरजेचा मोसम

एका घरात दोघांना खाज आणि ती रात्री वाढते, एवढ्यावरून खरूज ओळखावी. बोटांच्या बेचक्या, मनगट, काखा, बेंबीभोवती, कमर, मुलांच्या शिश्नावर पुरळ. तान्ह्या बाळात तळहात, तळपाय आणि डोक्यावरही. कारण एक किडा, डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल एवढा, कातडीत बीळ करून अंडी घालतो. कडुनिंबाच्या पाण्याने नुकसान नाही, पण किडा मरत नाही. रॉकेल आणि शेतातलं औषध तर विषच.

उपचार पर्मेथ्रिन 5 टक्के मलमाचा. तो फसतो तो औषधामुळे नाही, लावण्याच्या पद्धतीमुळे. असा करा:

1. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज असो वा नसो. बाहेरगावी असलेला एक माणूस राहिला तर महिन्याने सगळ्यांना पुन्हा. गर्भवती बाई आणि दोन महिन्यांच्या आतलं बाळ यांच्यासाठी आधी डॉक्टरांना विचारा.

2. संध्याकाळी नखं कापा. आंघोळ गार किंवा कोमट, अंग पूर्ण वाळू द्या.

3. मानेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत, एकही जागा न सोडता. फक्त पुरळावर लावणं ही सगळ्यात मोठी चूक. बेचक्या, नखांखाली, बेंबी, ढुंगणाची खाच, तळपाय. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला डोकं, कान आणि चेहराही. डोळे आणि तोंडाभोवतीची जागा सोडून.

4. प्रमाण 30 ग्रॅमच्या ट्यूबेच्या हिशेबाने: मोठ्या माणसाला आणि 12 वर्षांवरच्यांना पूर्ण ट्यूब, 6 ते 12 वर्षांना अर्धी, 1 ते 5 वर्षांना पाव, 2 महिने ते 1 वर्षाला ट्यूबेचा आठवा भाग. पाच जणांच्या घरात एकच ट्यूब पुरवली तर कुणीच बरं होत नाही.

5. रात्रभर, 8 ते 14 तास ठेवा. मधे हात धुतले तर हातांना पुन्हा लावा. अंगठा चोखणाऱ्या बाळाच्या हातांत सुती मोजे. पाजणाऱ्या आईने पाजण्याआधी स्तनाग्र पुसावं आणि नंतर परत लावावं.

6. सकाळी धुऊन टाका. गेल्या तीन दिवसांत अंगाला लागलेले कपडे, चादरी, टॉवेल कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात. गोधडी धुता येत नसेल आणि पावसाने ऊन नसेल, तर स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून आठवडाभर ठेवा. अंगाबाहेर किडा दोनतीन दिवसच जगतो. खताची किंवा औषधाची रिकामी पिशवी यासाठी वापरू नका.

7. सात दिवसांनी हे सगळं पुन्हा एकदा.

दुसऱ्या फेरीनंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. मेलेल्या किड्यांचे अवशेष कातडीत असतात, त्यांची ती खाज. औषध लागू पडलं नाही समजून रोज मलम चोळू नका. नवीन पुरळ येत असेल तरच परत दाखवा.

खाजवून झालेल्या जखमेवर मधासारखी पिवळी खपली बसली, तर ते जंतूचं दुखणं, आणि टॉवेलातून भावंडांना लागतं. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं पाच-दहा मिनिटं ठेवून खपली सैल करा, पुसा, डॉक्टरांनी दिलेलं म्युपिरोसिनसारखं मलम लावा. जागा बऱ्याच असतील तर पोटातून औषध लागतं. एक ते सहा आठवड्यांत चेहरा सुजला, लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर लगेच रुग्णालय: या जंतूने मूत्रपिंडाला सूज येऊ शकते.

गजकर्णाच्या गोल, कडा उठलेल्या चट्ट्यावर मेडिकलातून मागून आणलेली ‘तीन रोगांवर एक’ ट्यूब हा गावोगावचा शाप आहे. त्यात क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन असतं, म्हणजे कडक स्टिरॉइड. चार दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र आतून पसरते, कातडी कागदासारखी पातळ होते. खोक्यावर ही नावं दिसली की ठेवून द्या. साधं क्लोट्रिमॅझोल दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे. डोक्यात केस तुटून गोल टक्कल पडलं असेल तर मलमाने भागत नाही, गोळ्या लागतात.

भंडारा-गोंदियाकडे रोवणीच्या चिखलात आईबरोबर लेकरं असतात. घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या तर चिखल्या होत नाहीत. रात्री दिव्याभोवतीचा लालसर-काळा लांबट किडा अंगावर चिरडला तर सकाळी भाजल्यासारखी रेघ उठते. किडा फुंकून उडवा. चिरडलाच तर साबणाने लगेच धुवा. गवतात खेळणाऱ्या लेकराला चारपाच दिवस ताप असेल, तर काख, जांघ, कानामागे, केसांत बिडीच्या चटक्यासारखी काळी खपली शोधा. ती स्क्रब टायफसची (गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणाऱ्या तापाची) खूण असू शकते. 2018 मध्ये नागपूर भागात त्याची साथ आली होती. वेळेत कळलं तर औषध साधं आहे, पण खपली डॉक्टरांना दाखवायला हवी; ती दुखत नाही, म्हणून कुणी सांगत नाही.

फवारणीचे कपडे आणि बिब्बा

पऱ्हाटीवर फवारणी करून आलेल्या माणसाने लेकराला उचलण्याआधी साबणाने आंघोळ करावी. ते कपडे गोठ्यातच उतरवा, वेगळ्या बकेटात धुवा, लंगोटांच्या बकेटात कधीच नाही. औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी आंघोळीच्या पाण्याला नको. उवांवर शेतातलं औषध लावणं जिवावर बेततं. अंगावर औषध सांडलं तर कपडे काढून साबण आणि भरपूर पाण्याने 15-20 मिनिटं धुवा आणि डबा सोबत घेऊन निघा. लाळ, उलटी, बारीक झालेल्या बाहुल्या, सुस्ती ही विषबाधेची लक्षणं.

बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. दुखण्यावर किंवा दृष्ट लागू नये म्हणून त्याचा ठिपका दिला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोड, मग काळा डाग; लावणाऱ्याच्या बोटांवरून ते लेकराच्या तोंडाला, डोळ्यांना लागतं ते निराळंच. रूढी जपायची असेल तर बिब्बा दाराला टांगा, अंगाला नको.

हिवाळा आणि चट्टे

गालावर खरखरीत लाली, मोठेपणी कोपराच्या आणि गुडघ्याच्या वळीत, खाज आणि घरात कुणाला दमा: हा एक्झिमा. आंघोळीनंतर तीन मिनिटांच्या आत पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाचं क्रीम, दिवसातून दोनतीनदा. आठवड्याला 100 ग्रॅम तरी संपलं पाहिजे. डॉक्टरांनी सौम्य स्टिरॉइड दिलं तर मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेराएवढी रेघ दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. लोकर थेट अंगावर नको, आत सुती झबला.

गालावरचे फिके, किंचित खवल्याचे गोल डाग जंताचे किंवा ‘कॅल्शियम कमी’चे नसतात. तो कोरडेपणाचाच सौम्य प्रकार आहे, तेलपाण्याने सावकाश जातो. पण फिक्या किंवा तांबूस चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर थांबू नका. कापसाची वात चट्ट्यावर टेकवा, लेकराला डोळे मिटून कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगा. आधी चांगल्या कातडीवर करून खेळ समजावा, मग चट्ट्यावर. तिथे बोट उठलं नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या जिल्ह्यांत तो अजून सापडतो. औषध मोफत आहे, प्रकाराप्रमाणे 6 किंवा 12 महिने, आणि लवकर सुरू केलं तर व्यंग येत नाही.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा सरकारी बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक येतं, त्या दिवशी कपडे काढून पाठ-मांड्याही दाखवा. नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथल्या मेडिकल कॉलेजांत त्वचारोगाची ओपीडी असते. निघायच्या सकाळी अंगाला हळद, तेल, कॅलामाइन काही लावू नका, डॉक्टरांना मूळ पुरळ दिसायला हवं. ते येतं-जातं असेल तर उठलेलं असताना उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घाला, शेजारणीने दिलेली आणि संपलेलीसुद्धा. ट्यूब फेकली असेल तर खोकं घ्या, खोकं नसेल तर मेडिकलवाल्याकडून नाव लिहून आणा.